चित्र, कंदील आणि खिशांतली वीज

हल्लीं साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या बाजारपेठेंत भ्रमणध्वनीच्या दुकानीं एक चपटी पेटी विकावयास ठेवलेली दिसते. तिला पॉवर बँक म्हणतात. घरच्या विजेवर ती भरून ठेवावी आणि प्रवासांत भ्रमणध्वनीची बॅटरी उतरली कीं तिच्यांतून वीज द्यावी, एवढेंच तिचें काम. कांहीं पेट्यांच्या पाठीवर विमानांचीं रंगीत चित्रें छापलेलीं असतात. वस्तु खिशांतली, चित्र आकाशांतलें! ही जोडी निव्वळ हौसेची वाटेल; परंतु चित्र आणि यंत्र यांची संगत या मुलखाला नवी नाहीं.

औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. १९३८ सालीं त्यांनीं औंधास कलासंग्रहालय उभारलें. पण या राजाचें मन केवळ रंगांत रमलें नाहीं. बेळगांवांतील जागा सोडण्याची पाळी लक्ष्मणराव किर्लोस्करांवर आली, तेव्हां बाळासाहेबांनीं त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. निवडुंगानें भरलेल्या त्या माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे.

लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले होते. डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद उमगत नाहीं असें आढळून आलें, आणि कुंचला सुटला. मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. बेळगांवांत त्यांनीं सायकलींचें दुकान काढलें; पुढें लोखंडी नांगर घडविले. अमेरिकेंत डेटन येथें राइट बंधूंचेंहि दुकान सायकलींचेंच होतें, आणि तेथल्याच हत्यारांवर हात बसवून त्यांनीं १९०३ सालीं विमान उडविलें. एकाच धंद्यांतून एकीकडे नांगर निघाला, दुसरीकडे विमान.

चित्ररामायणाचें जें साल, त्याच सालीं, म्हणजे १९१६ मध्यें, ओगले बंधूंनीं कऱ्हाडजवळ कांचेचा कारखाना काढला. त्यासहि औंध संस्थानचा आधार मिळाला, आणि त्या वस्तीला ओगलेवाडी हें नांव पडलें. त्या काळीं कंदील येत ते परदेशांतून. ओगल्यांनीं पुढें स्वदेशी कंदील केला आणि त्यास आपल्या वडिलांचें ‘प्रभाकर’ हें नांव दिलें. तेल टांकींत, ज्योत कांचेच्या आड, आणि वर उचलावयास कडी. वारा सुटला तरी दिवा विझत नसे. शेताच्या राखणीस, बाळंतिणीच्या खोलींत, रात्रीच्या गाडीवाटेवर तो माणसाबरोबर गेला. उजेड बरोबर नेतां येणें ही त्या पिढीची मोठीच सोय होती.

पुढें काळ पालटला. औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस पोफळीकडे वळविण्यांत आलें, आणि १९६२ पासून त्यावर वीज निघूं लागली. हळूहळू खेडींपाडीं उजळलीं. कंदील माळ्यावर गेला. मात्र ही वीज तारेनें बांधलेली होती. तिला पुन्हा माणसाबरोबर चालावयास लावलें तें लिथियमच्या घटानें. असा घट जपानांत १९९१ सालीं बाजारांत आला. ज्या तिघां शास्त्रज्ञांच्या परिश्रमावर तो उभा आहे, त्यांना २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या घटाचें मर्म कंदिलासारखेंच आहे. कंदिलांत कांच ज्योतीला वाऱ्यापासून जपते. घटांत एक पातळ पडदा दोन ध्रुवांना एकमेकांपासून दूर ठेवतो. तो फाटला तर आंतला द्रव पेट घेऊं शकतो. म्हणूनच विमानाचा नियम मोठा सूचक आहे. पॉवर बँक सामानाच्या तळघरांत ठेवावयाची नाहीं, ती प्रवाशाजवळच हवी. कारण डोळ्यांसमोर लागलेली आग विझवितां येते, तळघरांतली कळतहि नाहीं. शंभर वॅट-तासांपर्यंतची पेटी विशेष परवानगीवांचून नेतां येते. सर्वसाधारण दहा हजार मिलि-अँपिअर-तासांची पेटी सदतीस वॅट-तासांची भरते. जिच्या पाठीवर विमान रंगविलें आहे, तिलाच विमानांत इतकें जपून न्यावें लागतें!

आतां एक प्रश्न उरतो. पेटीचें कवच येथें रंगवितां येईल, चित्रहि छापतां येईल. पण आंतले घट अजून बहुतांशीं परदेशांतूनच येतात. १९१६ पूर्वीं कंदिलाची हीच स्थिति होती. तेव्हां ती पालटली. कारण एका चित्रकार राजानें माळरान दिलें आणि कांहीं तरुणांनीं तेथें भट्टी पेटविली. ओगलेवाडीची ती भट्टी पुढें निवाली. परंतु चित्रावर संतुष्ट न राहतां आंतली ज्योत आपण घडवावी, हा तिचा धडा मात्र निवालेला नाहीं.