गोंडवनातील रात्र आणि रझांचे गाव

चांदा आणि मंडला ही दोन्ही गोंड राजांची ठाणी. घराणी वेगळी, पण अरण्य एकच. आणि इंग्रजी अमदानीत दोन्ही मुलूख मध्यप्रांतातच होते. त्या मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी २२ फेब्रुवारी १९२२ रोजी सय्यद हैदर रझा जन्मले. वडील जंगलखात्यात नोकरीस. पुढे १९३९ ते १९४३ ह्या काळात रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या श्रोत्यांना हा चित्रकार परका वाटू नये, असे आम्ही म्हणतो ते ह्यामुळे.

मुंबईत त्यांना वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार भेटले. डोळ्यांस दिसते तसे न रंगविता मनात जे उसळते ते रंगवावे, त्यासाठी आकार मोडला तरी चालेल, ही युरोपातील अभिव्यक्तिवादाची शिकवण अशांच्या सहवासातून आमच्या तरुण चित्रकारांपर्यंत पोचली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात रझा होते. १९५० साली ते फ्रान्सला गेले.

तेथे त्यांनी वर्षानुवर्षे खेडी रंगविली. १९५८ चे चर्च असलेले गाव पाहा, किंवा १९६४ चे ‘व्हिलाज आँ फेत’, म्हणजे उत्सवातले गाव. रंगांचे जाड थर. त्यांतून घरे ओळखू येतात न येतात. पण नांगर नाही, बैल नाही, पाणी भरणारी बाई नाही. मग हे कसले ग्रामजीवन, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे.

उत्तर रझांच्या बालपणात आहे. जंगलातली रात्र भयाने भरलेली असे. गोंडांचे नाच तेवढे त्या रात्रीत माणसाची सोबत देत. दिवस उजाडला की जीव भांड्यात पडे, आणि बाजाराच्या दिवशी गाव उन्हात लखलखत असे. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. म्हणजे त्यांच्या लेखी गाव ही अंधाराने वेढलेली उजेडाची जागा. ‘तपोवन’ (१९७२) आणि ‘ला तेर’ (१९७३), म्हणजे भूमी, ह्या पुढच्या चित्रांत तर घरेही विरघळली. उरला तो काळोख आणि त्यातून फुटणारा रंग.

भामरागड-एटापल्लीकडे ज्याने संध्याकाळ काढली आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. ह्याच वसंतात पहाटे मोहफुले वेचायला निघालेली बाई वाघाच्या धास्तीने पाऊल टाकते. ब्रह्मपुरीच्या आसपास ती धास्ती अनेकदा खरी ठरली आहे. आपण शहरातली माणसे ताडोबा पाहून येतो आणि अरण्य सुंदर म्हणतो. ते सुंदर आहेच. पण त्याच्या कडेला राहणाऱ्याने भयाची किंमत मोजलेली असते.

तरी एक उणीव सांगितलीच पाहिजे. ज्या गोंडांच्या नाचाने त्या मुलाला धीर दिला, त्यांचे चेहरे ह्या चित्रांत नाहीत. रझांनी त्या रात्रीचे भय दिले आणि उजेडही दिला, माणसे राहिली. ती कोणी पाहुण्याने येऊन रंगवावीत अशी वाट आपण का पाहावी? रात्रीची सोबत ज्यांनी केली, त्यांची मुले आज आपल्याच शाळांतून शिकत आहेत. त्यांच्या हाती रंग देणे हे तरी आपल्या हातचे आहे.