पुरापेक्षा हातभर वर

अहिल्यानगर जिल्ह्यातला कर्जत तालुका म्हटले की दुष्काळ आठवतो. रेहेकुरीच्या माळावरची काळविटे, पाऊस लांबला की सुरू होणारे पाण्याचे टँकर, ज्वारीवर तगलेली घरे. पण याच तालुक्याच्या दक्षिण शिवेवरून भीमा वाहते आणि पूर्वेच्या अंगाने सीना. पाण्याला आसुसलेल्या या मुलखातही नदीकाठच्या माणसाला घर बांधताना पुराचा विचार करावाच लागला.

भीमेचा पूर इथल्या पावसाने येत नाही. भीमाशंकरच्या डोंगरात आणि मावळात पाऊस कोसळतो, भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा यांचे पाणी पोटात घेऊन नदी दौंडला पोहोचते आणि तिथून खाली सरकते. कर्जतमध्ये आभाळ निरभ्र, पिके माना टाकलेली, आणि नदी मात्र पात्राबाहेर, असे होऊ शकते. म्हणून काठावरची गावे आजही दौंडचा विसर्ग किती क्युसेक आहे यावर कान ठेवून असतात. सीनेचे तसे नाही. तिचा उगम अहिल्यानगरच्या परिसरातला. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की ओढे-नाले एक होतात आणि सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

जागा निवडण्याचे शहाणपण पाहायचे तर सिद्धटेकला जावे. अष्टविनायकांतला हा गणपती भीमेच्या काठी, पण टेकडीवर बसलेला आहे. आजचे दगडी मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधले. त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्या जामखेड तालुक्यात सीनेच्या काठी आहे. खाली नदी कितीही फुगो, देव जागेवरून हलत नाही. याउलट खाली माचणूरजवळ भीमेच्या काठी पडलेली औरंगजेबाची छावणी 1697 च्या पुरात सापडली आणि माणसे-जनावरे वाहून गेली. तंबूंचे ते शहर नदीच्या सोयीने वसवलेले होते.

प्रत्येक गावाला टेकडी कुठून मिळणार? ज्यांना मिळाली नाही, त्यांची टेकडी पिढ्यांनी मिळून घडवली. नदीकाठची काळी जमीन शेतीला आणि गावठाणाची पांढरी राहण्याला, ही वाटणी दख्खनभर आढळते. पांढरीचा उंचवटा बहुतेक ठिकाणी माणसाच्या वस्तीनेच झालेला असतो. मातीचे घर पडले की त्याचा ढिगारा कोणी बाहेर टाकत नसे. तोच सपाट करून त्यावर नवे घर उभे राही. चुलीची राख, शेण, खापरे यांची भर पडत जाई आणि शतकानुशतके गाव हळूहळू वर चढे. नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर लोकांनी समुद्राच्या उधाणापासून बचावासाठी माती आणि शेणाचे असेच उंचवटे रचले. पुढे तिथली सुपीक माती शेतांसाठी खणून नेली गेली. आपल्याकडेही गढ्या आणि पांढरीची टेकाडे धाब्यावर घालायला आणि शेतात टाकायला कोरली गेली आहेत.

ही कला किती जुनी आहे, हे भीमेच्या खोऱ्यातल्याच इनामगावने दाखवले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केले. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची घरे, धान्याचे कोठार, कालवा आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला दगडमातीचा बांध तिथे सापडला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचा इथला शेतकरी पुराला केवळ नशीब मानून बसला नव्हता.

घराच्या पातळीवर हे काम जोत्याने केले. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत न्यायचा, कारण काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि भिंती फोडते. पायावर काळ्या दगडाचे जोते चढवायचे. आत मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारायचे आणि धुम्मसाने ठोकत जायचे. वर पांढरीच्या मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत आणि माळवद. माळवदाचा भार लाकडी खांबांवर, आणि खांबाचे बूड ओलीने कुजू नये म्हणून त्याखाली दगडाचा तळखडा. अशी भिंत पाण्याच्या धक्क्यापेक्षा बुडाशी भिजून जास्त बसते. साचलेले पाणी दगडापर्यंत थांबले तर घर वाचते, कच्च्या विटेला लागले तर सकाळपर्यंत भिंत खाली येते. म्हणून जोते मागच्या मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर घेणे हा साधा हिशेब होता, आणि ती खूण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असे.

1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि हा हिशेब चुकला. पुणे, सोलापूर आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांतली भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की अजून वर येते. बुडालेल्या गावांबरोबर त्यांच्या पांढरीही गेल्या. पुढे फुगवट्याच्या पाण्यावर ऊस आला, विजेचे पंप बसले, आणि माणसे गावठाण सोडून शेतातल्या वस्तीवर राहायला गेली. वस्ती म्हणजे काळ्या जमिनीवर, नदीच्या जवळ, सोयीच्या ठिकाणी बांधलेले सिमेंटचे घर. पक्की भिंत भिजून पडत नाही, म्हणून जोत्याच्या उंचीकडे काणाडोळा झाला. पण धान्य, गोठा, विजेचे बोर्ड आणि कागदपत्रे तितक्याच सहज भिजतात.

आता म्हाताऱ्यांच्या खुणेच्या जागी जलसंपदा विभागाची पूररेषा आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर परवानगी, असा नियम आहे. तरी नकाशावरची रेषा वस्तीवर पाया खणणाऱ्या गवंड्याच्या दोरीपर्यंत क्वचितच पोहोचते. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने सोलापूर जिल्ह्यातल्या काठच्या गावांत आणि वस्त्यांत पाणी घातले, तेव्हा हे अंतर किती महाग पडते ते दिसले.

हे अंतर मिटवायला मोठा खर्च लागत नाही. पूर ओसरल्यावर भिंतीवरचा गाळाचा डाग दिसेनासा होण्याआधी ग्रामपंचायतीने देवळाच्या, शाळेच्या आणि पुलाच्या दगडावर तारखेसह खूण कोरून घ्यावी. आणि नदीकाठी घराची परवानगी देताना, त्या खुणेवरून जोत्याची उंची किती फूट असावी ते कागदावर आकड्यात लिहावे.