गाड्या वाढवा म्हणावं यांना!

हार्बरने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मस्जिद गेलं, माणसं दाराशी आली, बॅगा खांद्यावर चढल्या आणि गाडी थांबली. सीएसएमटी समोर दिसतंय, पण आत घेत नाहीत. परवा असेच उभे होतो. शेजारचे काका वैतागून म्हणाले, "गाड्या वाढवा म्हणावं यांना!"

इंजिनिअरिंग करूनसुद्धा बरीच वर्षं मीही हेच म्हणायचो.

आता हिशोब बघा. सीएसएमटीला हार्बरचे प्लॅटफॉर्म दोनच, १ आणि २. पनवेलकडची गाडी तिथेच येणार आणि गोरेगावकडचीही. समजा आत येणं, रिकामी होणं, भरणं आणि बाहेर पडणं याला आठ मिनिटं लागली, तर दोन प्लॅटफॉर्मवर तासाला पंधरा गाड्या. विषय संपला! आणखी वीस गाड्या आणल्या तर त्या मस्जिदला रांगेत उभ्या राहतील.

टर्मिनसचं हे दुखणं जुनंच. वाफेच्या काळात गाडी आली की इंजिन बफरपाशी अडकायचं. परत जायला दुसऱ्या टोकाला दुसरं इंजिन जोडा, गाडी निघाली की मगच पहिलं मोकळं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, याच हार्बरवर, देशातली पहिली विजेची गाडी धावली. तिला दोन्ही टोकांना केबिन. कौतुक वेगाचं होतं, पण माझ्या मते खरी कमाई ही, की गाडी आली तशीच उलटी निघू लागली.

मग उरला एक मोठा उपाय, गाडी लांब करायची. इथे मात्र पहिला मान मिळवणारी हार्बर मागे पडली. मेन लाइनवर बारा डबे १९८० च्या दशकात आले, हार्बरवर थेट २०१६ मध्ये! मोठी अडचण पुन्हा तेच दोन प्लॅटफॉर्म, नऊ डब्यांपुरते. ते लांबवायला फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन दिवसांचा ब्लॉक घ्यावा लागला. एकही फेरी न वाढवता प्रत्येक गाडीत एक तृतीयांश जागा वाढली.

माझी आई नेरूळहून वीस वर्षं नऊ डब्यांतून गेली, बहुतेक वेळा उभ्याने. २०१५ मध्ये गुडघ्यांपायी नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी बारा डबे आले.

असो. काकांना म्हटलं, "गाड्या नको, प्लॅटफॉर्म वाढवा म्हणा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच रेल्वेत कामाला आहे.