घरगुती वीजजोडणीवर इन्व्हर्टर वेल्डिंग : भार, क्षमता आणि सुरक्षितता

हैदराबादेत, विशेषतः राणीगंजसारख्या हार्डवेअर बाजारांत, पाच-सहा किलो वजनाची इन्व्हर्टर वेल्डिंग यंत्रे सहज मिळतात. गेट, खिडकीची जाळी, पाण्याच्या टाकीचा स्टँड अशा किरकोळ कामांसाठी ती घरोघरी पोहोचू लागली आहेत. मात्र घरातील वायरिंग हा भार पेलू शकते का, याचा हिशेब खरेदीपूर्वीच करणे आवश्यक ठरते.

नावातील ‘इन्व्हर्टर’ या शब्दाने गैरसमज होऊ नये. वीज गेल्यावर दिवे-पंखे चालवणाऱ्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी या यंत्राचा संबंध नाही आणि त्यावर ते चालवूही नये. हे यंत्र २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे प्रथम दिष्ट प्रवाहात रूपांतर करते. नंतर आयजीबीटी स्विचद्वारे त्याची वारंवारता हजारो हर्ट्झपर्यंत वाढवली जाते. त्यामुळे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी लहानसा पुरेसा होतो.

भाराचा हिशेब

२.५ मिमी जाडीच्या रॉडला साधारण ८० अँपिअर प्रवाह लागतो. आर्कचा दाब सुमारे २३ व्होल्ट धरल्यास शक्ती १,८५० वॅट होते. कार्यक्षमता ८५ टक्के व पॉवर फॅक्टर ०.७ मानल्यास घरातील जोडणीतून सुमारे साडेतेरा अँपिअर प्रवाह खेचला जातो. म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. ६ अँपिअरचा कदापि नाही. ३.१५ मिमी रॉडसाठी १२० अँपिअर वापरल्यास हाच आकडा २१-२२ अँपिअरवर जातो आणि १६ अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. घरगुती कामात २.५ मिमी रॉडवरच थांबावे. यंत्रावर ‘२००’ लिहिलेले असले, तरी घराची वायर तेवढे देऊ शकत नाही.

एक्स्टेन्शन तांब्याची, किमान २.५ चौरस मिमीची असावी व पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली वायर तापते. बारीक व लांब वायरमुळे दाब घसरतो आणि रॉड धातूला चिकटू लागतो.

उष्णता आणि विश्रांती

६० टक्के कार्यचक्र म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग व चार मिनिटे विश्रांती. हे माप सामान्यतः ४० अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेले असते. हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये पारा त्यापुढे जातो. तेव्हा विश्रांती वाढवावी. यंत्र सावलीत ठेवावे, मात्र पंख्याची जाळी मोकळी राहील याची दक्षता घ्यावी.

सुरक्षितता

अर्थिंग तपासून घ्यावे व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. तथापि तो केवळ मुख्य पुरवठ्याच्या बाजूच्या गळतीपासून रक्षण करतो. होल्डरवरील ६० ते ८० व्होल्टपासून त्याचे संरक्षण मिळत नाही. म्हणून ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी किंवा पावसात वेल्डिंग करू नये. १० क्रमांकाची काच असलेले शिल्ड व सुती कपडे वापरावेत. गॅस सिलिंडर, रंग व थिनर दूर ठेवावेत. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरील जस्ताचा धूर फुप्फुसांत जाऊ देऊ नये. लेप आधी घासून काढावा.

कायदेशीर बाजू

मंजूर भार अपुरा असल्यास वीज वितरण कंपनीकडे तो वाढवून घ्यावा. स्वतःच्या घराचे काम करणे वेगळे आणि घरगुती मीटरवर व्यवसाय करणे वेगळे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ नुसार मंजूर प्रयोजनाबाहेरचा वापर अनधिकृत ठरतो व त्यावर दुप्पट दराने आकारणी होते. गोव्यातील ग्राहकांनाही हाच केंद्रीय कायदा लागू आहे.