रत्नागिरीचे मंडाले

मंडाले हे नाव मराठी घरात शिरले ते तुरुंगाच्या वाटेने. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांना मंडालेला नेले आणि तेथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, एवढे आपल्याकडे शाळेतला पोरही सांगेल. पुढे त्या गावाविषयी आपली चौकशी संपते. तेथे कोणी राहत असेल, सणवार करीत असेल, त्या गावाचा एक राजा असेल आणि तोही कुठे तरी कैदेत झुरत असेल, हे आपल्या मनात येत नाही.

गंमत अशी की तो राजा आपल्याच घरात होता. आमच्या विश्रामबागेतून निघालो, कोल्हापूर मागे टाकले आणि आंबा घाट उतरलो की दिवस मावळायच्या आत रत्नागिरी गाठता येते. तेथला थिबा राजवाडा मुलांना दाखवला नाही, असा सांगलीकर विरळाच. मीही तो अनेकदा पाहिला आहे. तांबड्या जांभ्या दगडाचा तीन मजली वाडा, अर्धवर्तुळाकार कमानी, सागवानी काम आणि गच्चीतून दिसणारी खाडी. सहलीला आलेली माणसे ‘केवढा हा थाट!’ म्हणतात आणि आंबापोळी घ्यायला निघून जातात. तो थाट म्हणजे एका माणसाचा तुरुंग होता, हे मनात ठसायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली.

हे थिबा महाराज कोण? १७५२ साली अलौंगपया नावाच्या पराक्रमी पुरुषाने ब्रह्मदेशात जे राजघराणे स्थापले, त्यातला हा शेवटचा राजा. बाप मिंडोन मोठा धर्मशील. त्याने १८५७ साली मंडाले वसवले आणि सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. शिळांचा तो ग्रंथ आजही उभा आहे. थिबा तरुणपणी मठात राहून पाली शिकला, धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. १८७८ साली तो गादीवर आला तेव्हा वय अवघे एकोणीस. पुढच्याच वर्षी राजवंशातल्या सुमारे ऐंशी माणसांची राजवाड्यात कत्तल झाली. राणी सुपयालत आणि तिची आई यांच्याकडे लोक बोट दाखवतात. पण राज्य थिबाचे होते आणि हा डाग इतिहासाने पुसलेला नाही.

इंग्रजांनी मात्र त्याला उचलले ते या पापासाठी नव्हे. उत्तर ब्रह्मदेशात सागाची दाट जंगले होती आणि ती तोडण्याचा मक्ता मुंबईत १८६३ साली निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे होता. ओंडके मोजायचे ते कमी दाखवले, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने कंपनीला २३ लाख रुपये दंड केला. फ्रेंच तिकडे हातपाय पसरतील ही धास्ती होतीच. दंडाचे निमित्त मिळाले. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौजा इरावतीतून वर गेल्या आणि दोन आठवड्यांत लढाई आटोपली. राजाराणीला साध्या बैलगाडीतून नदीवर आणून बोटीत चढवले. १ जानेवारी १८८६ रोजी उरलेला ब्रह्मदेशही खालसा झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून ‘अस्सल बर्मा टीक’ म्हणून जे दरवाजे कौतुकाने दाखवतात, त्या लाकडाच्या व्यापाराची ही एक बाजू.

त्या बोटीचे नाव होते ‘थुरिया’. हा आपला ‘सूर्य’च. ब्रह्मी लोकांच्या जिभेवर ‘स’चा ‘थ’ होतो आणि ‘र’चा ‘य’. प्रभू रामचंद्रांना ते ‘यामा’ म्हणतात. वाचकांनी घाबरून जाऊ नये! १७६७ साली त्यांनी सयामची राजधानी अयुथ्या जिंकली, तेथले नट आणि नर्तक आपल्याकडे आणले आणि रामायणाची नाटके मंडालेच्या दरबारापर्यंत पोहोचली. ज्या अयुथ्येचे नावच अयोध्येवरून पडले, तेथून रामकथा यावी हे साजेसेच झाले. त्यांच्याकडे कळसूत्री बाहुल्यांचा खेळही दरबारी मानाचा होता. १८४३ साली सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ करणाऱ्या आमच्या विष्णुदास भाव्यांनीही लाकडी बाहुल्या घडवल्या होत्या. भावे मंडालेत जन्मते, तर त्यांचे तेथेही अडले नसते.

आणखी जवळीक पाहायची असेल तर पंचांग उघडावे. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास त्यांचा वर्षावास सुरू होतो. भिक्षू एका जागी राहतात आणि घरोघरी लग्नकार्ये थांबतात. आपला चातुर्मासच म्हणा ना. तो संपतो आपल्या कोजागिरीच्या सुमारास. आईला धर्म सांगायला स्वर्गात गेलेले भगवान बुद्ध त्या रात्री पृथ्वीवर उतरले, म्हणून घरोघर दिवे लावतात आणि धाकटी माणसे वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. पुढे त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास पुन्हा दिवे. त्या रात्री मुली पागोड्यात मागावर बसतात आणि सकाळच्या आत भिक्षूंसाठी चीवर विणून काढतात. म्हणजे आपली दिवाळी त्यांच्या दोन दीपोत्सवांच्या मधोमध येते. आपल्याकडे सहाणेवर चंदन उगाळतात, तिकडे थनाका नावाच्या झाडाची साल उगाळून बायका गालांना लावतात. अनोळखी वडीलधाऱ्या पुरुषाला ‘ऊ’ म्हणजे काका आणि बाईला ‘डॉ’ म्हणजे मावशी म्हणावे, ही त्यांची रीत. आडनाव नसते, लग्नानंतर बाई आपले नाव बदलीत नाही.

अशा मुलखाचा राजा आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणला गेला. पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र, आगगाडी नाही. पावसाळ्यात बोटीही बंद. पळून जाणार कुठे? दिल्लीच्या बादशहाला रंगूनला नेऊन ठेवायचे आणि ब्रह्मदेशाच्या राजाला कोकणात, असा हा सरकारी व्यवहार. बहादूरशहा १८६२ साली रंगूनला वारला. थिबाच्या वाट्याला याहून लांबण आली. चौदा वर्षे झाली, वीस झाली, चोवीस झाली, तेव्हा कोठे १९१० साली हा राजवाडा तयार होऊन तो राहायला गेला.

तो नोव्हेंबर महिना मी विसरू शकत नाही. रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच महिन्यात मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहायला बसले होते आणि मंडालेत जन्मलेला राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात सामान लावीत होता. १९१२ साली टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या. पतीची भेट झाली नाही. त्याच साली थिबाची धाकटी राणी रत्नागिरीत वारली. तिला मायभूमी पुन्हा दिसली नाही. टिळक १९१४ साली सुटले. थिबा सुटला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला तेव्हा कैदेला एकतीस वर्षे झाली होती. १९१९ साली सुपयालत आणि मुलींना परत जाऊ दिले. राजाचा देह मात्र रत्नागिरीतच राहिला. राणीलाही मंडाले दिसले नाही. ती १९२५ साली रंगूनला वारली.

थोरल्या राजकन्येचे मन वाड्यावरच्या गोपाळ सावंत नावाच्या नोकरावर बसले. त्यांना १९०६ साली मुलगी झाली, टूटू. राजकन्या ब्रह्मदेशात गेली खरी, पण लेकीला घेऊन रत्नागिरीस परत आली आणि १९४७ साली तेथेच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, मराठी घरात नांदली, मुलाबाळांत रमली आणि २००० साली रत्नागिरीतच गेली. मंडालेच्या सिंहासनाची नात कोकणी गरिबीत, कोकणी माणूस म्हणून जगली. राजाच्या शंभराव्या पुण्यतिथीला, २०१६ साली, त्याचे वंशज ब्रह्मदेशातून येऊन समाधीपुढे हात जोडून उभे राहिले. त्याआधी चार वर्षे त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेनही येऊन गेले होते.

आपण मंडालेला जाऊ तर टिळकांची कोठडी कोठे होती हे विचारू; तो आपला हक्कच आहे. त्या लोकांनाही रत्नागिरी म्हटल्यावर हापूस आठवत नाही, समुद्र आठवत नाही. आपल्याला जे मंडाले, तेच त्यांना रत्नागिरी. या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन कोकणात उतराल, तेव्हा राजवाडा पाहून झाल्यावर तसेच परत फिरू नका. समाधी फार लांब नाही. तेथे घटकाभर थांबा, आणि मुलांनी ‘हे कोण?’ म्हणून विचारले, तर आधी टिळकांची गोष्ट सांगा. पुढची त्यांची त्यांना समजेल.