उघड्या वाय-फायचे कुलूप

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतील एका घराच्या वाय-फायपर्यंत लागला आणि तिथे राहणाऱ्यावर संशय आला. वाय-फायला पासवर्ड नव्हता, एवढेच.

कुलपे मात्र तयार होती. १९९७ च्या मानकातील पहिले, ‘वेप’, कच्चे निघाले. अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे त्याची गुप्त किल्ली अवघी ४० बिटांची ठेवली होती; शिवाय २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन व शमीर यांनी त्याच्या कूटलेखनातील मूळ दोषच दाखवला. २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’, २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ आले. चार वर्षांनंतरही ते राउटरवर सुरू करण्याची सवय घरोघरी रुजली नव्हती. २००९ च्या आरंभी मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत रस्तोरस्ती फिरू लागले, ते त्यामुळेच.