अलिबागच्या कांद्यातला निरोप

खाचरातला भात कापून झाला की अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे, नेहुली अशा गावांत त्याच जमिनीत पांढरा कांदा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो काढतात, पात थोडी सुकू देतात आणि तिचीच वेणी घालत एकेक कांदा गुंफून माळ विणतात. माळ वाशाला टांगली की कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो आणि तो पावसाळ्यातही टिकतो. हा कांदा जुना आहे. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्याचा उल्लेख आहे आणि भौगोलिक मानांकनाच्या मागणीत त्याच नोंदीचा आधार घेतला गेला. २०२१ मध्ये मानांकन मिळालं. पण नेमकी नोंद कशाची झाली? बी कुणीही पिशवीत घालून कुठेही नेऊ शकतो, मानांकन मात्र भूमीला बांधलेलं असतं. कांद्याचा गोडवा बियात पुरता मावत नाही, हेच त्यातून कायद्यानं मान्य केलं. ही समजूत निव्वळ अभिमानाची नाही, ती विज्ञानाच्याही कसोटीला उतरते, असं मला वाटतं.

कसोटी माहितीच्या सिद्धांताची आहे. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहितीचं माप ठरवलं. निरोप मिळण्याआधी किती शक्यता होत्या आणि मिळाल्यावर किती उरल्या, यावरून किती शंका फिटली ते मोजायचं. एका हो-नाहीच्या प्रश्नाचा निकाल लागला, दोन्ही उत्तरं सारखीच संभवत असली, तर एक बिट माहिती मिळाली. या मापानं बियाकडे पाहिलं की पहिला धक्का बसतो तो कांद्याच्याच बाबतीत. त्याच्या जनुकसंचात सुमारे १६ अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या संचात सुमारे ३ अब्ज. कांद्याला माणसाच्या पाचपट सूचना लागतात, असं कुणी म्हणणार नाही. जीवशास्त्रज्ञ टी. रायन ग्रेगरी यांनी २००७ मध्ये हाच प्रश्न ‘कांद्याची कसोटी’ म्हणून मांडला: डीएनएचा प्रत्येक तुकडा कामाचा आहे असं म्हणणाऱ्यानं आधी कांद्याला इतका डीएनए का लागतो ते सांगावं. त्यातला फार मोठा भाग पुन्हापुन्हा आलेल्या तुकड्यांचा आहे. तेव्हा अक्षरांची लांबी ही माहिती नव्हे, ती अक्षरं वाचल्यावर काय ठरतं ही माहिती.

वाचन कसं होतं, हे फळमाशीच्या गर्भात सर्वांत नीट मोजलं गेलंय. तिथल्या चार जनुकांच्या पातळीवरून पेशीला आपली जागा कितपत कळते, हे प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोजलं. उत्तर आलं सुमारे ४.२ बिट. एवढ्यावर गर्भाच्या लांबीच्या जवळपास एक टक्का इतक्या अचूकतेनं पेशीचं ठिकाण ठरतं. पण ही चार जनुकं कुठे किती जागी व्हायची, याची पहिली खूण गर्भाची स्वतःची नसते. बायकॉइड नावाच्या प्रथिनाचा निरोप आईनं अंड्याच्या एका टोकाला ठेवलेला असतो. माशीला जे अंडं, ते कांद्याला खाचर. कांदा पोसायला कधी लागायचं हे तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. २०१३ मध्येच दिसून आलं की त्याचं एक जनुक गड्डा धरायला लावतं आणि दुसरं त्याला थोपवून धरतं. दिवस मोठा होत गेला की पारडं पहिल्याकडे झुकतं. लांब दिवसाचं युरोपातलं वाण म्हणूनच इथल्या हिवाळ्यात पातच वाढवत राहील, गड्डा धरणार नाही. तिखटपणाचंही तसंच. कांद्याचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांतून येतो आणि गंधक मुळांना जमिनीतून मिळतं. सल्फेट पाण्याबरोबर सहज वाहून जातं, आणि कोकणचा पाऊस काही थोडा नसतो. अलिबागच्या जमिनीत गंधक कमी आहे, हाच मानांकनातला एक मुद्दा आहे. तेच बी गंधकाच्या जमिनीत लावलं तर कांदा जास्त झोंबतो.

यावर दोन आक्षेप येतील. एक, अशानं सगळ्यालाच माहिती म्हणता येईल, ढगालाही आणि बांधालाही. नाही म्हणता येणार. जे बदललं तर कांदा बदलतो, तेवढंच मोजायचं. बांधावरचं गवत बदलून गोडी बदलत नसेल तर त्याच्या खाती शून्य. दुसरा आक्षेप जड आहे. बी आपली प्रत काढतं, माती काढत नाही, मग तिला वारसा कसं म्हणायचं? मला वाटतं, इथेच शेतकऱ्याचा हात मध्ये येतो. खाचर आपोआप टिकत नाही. बांध दरवर्षी नीट करावे लागतात, भातामागून कांदा हा क्रम पाळावा लागतो. मातीची प्रत निघते ती कष्टातून, आणि १८८३ पासून आजवर ती निघत आली आहे.

तोच हात बियाही सांभाळतो. निवडून ठेवलेला कांदा पुन्हा लावायचा, त्याला डेंगळे येऊ द्यायचे, मग बी धरायचं. डेंगळ्यांवर मधमाश्या येतात आणि जवळच्या लाल कांद्याचे परागही आणतात. निरोपात शिरलेला हा गोंगाट. पण कांद्याचा पांढरा रंग बहुतेक वेळा अप्रभावी असतो, दोन्हीकडून पांढऱ्याचं जनुक आलं तरच दिसणारा. म्हणून लाल कांद्याचा पराग लागलेलं बी पुढच्याच पिकात रंगीत निघतं, आणि शेतकरी तो कांदा बियासाठी ठेवत नाही. चूक स्वतःच हात वर करते! लाल कांदा राखणाऱ्याला ही सोय नाही. तिथे शिरलेलं पांढऱ्याचं जनुक पिढीभर दडून राहतं. तार आणि रेडिओच्या अभियंत्यांनी चूक पकडणारे संकेत विसाव्या शतकात रचले. अलिबागच्या बायाबापड्यांना ते रंगावरून आधीच वापरता येत होते, आणि माळ विणताना प्रत्येक कांदा हातातून जात असल्यानं तपासणी वेगळी करावीही लागत नव्हती.

या तपासणीला एक भोक आहे. शेजारी लाल कांद्याऐवजी दुसराच पांढरा कांदा फुलला, तर त्याचा पराग कोणताही रंग दाखवत नाही. कांदा पांढराच निघतो, बदलतो तो आतला गोडवा आणि टिकाऊपणा. बाहेरगावचा पांढरा कांदा बाजारात अलिबागच्या नावानं विकला गेला, तर गिऱ्हाइकाचीही तीच फसगत होते, कारण डोळ्यांना दोन्ही सारखेच. रंग इथे मुका होतो, म्हणून डेंगळ्यांचा वाफा दुसऱ्या पांढऱ्या कांद्यापासून लांब ठेवावा लागतो, आणि बियासाठी निवडलेला कांदा कापून, चव घेऊनच पारखावा लागतो.